घर क्रमांक चौदाचा दिवा हाताने लावू देण्याबाबत

प्रति,
मा. विभागप्रमुख,
सागरी वारसा व प्रादेशिक विकास विभाग,
जिल्हा कार्यालय, तिसरा मजला.

अर्जदार : आस्लाउग नेरहुस, वारसा व विकास अधिकारी, टेर्नवेर बेट. (राहणार तेथेच, घर क्र. १४.)

विषय : घर क्र. १४ च्या खिडकीतील दिव्यास स्वयंचलित कळीतून सूट मिळून तो हाताने लावण्याची परवानगी मिळणेबाबत.

संदर्भ : १) आपले दि. ९ डिसेंबरचे खुलासा मागवणारे पत्र. २) टेर्नवेर प्रकाशयोजना नियम, कलम ६ व ६-अ.

महोदय किंवा महोदया,

आपल्या पत्राखालील सही वाचता आली नाही, म्हणून दोन्ही लिहिले. आपण या पदावर नवीन आहात असे कळते. माझ्या कारकिर्दीतले आपण सहावे विभागप्रमुख. आपले स्वागत असो. आधीच्या पाचांपैकी तिघे बेटावर येऊन गेले, तिघेही जुलैत.

१. आपल्या पत्रात दोन गोष्टींचा खुलासा मागितला आहे. एक, दि. २ व ५ डिसेंबर रोजी घर क्र. १४ ची खिडकी दुपारी तीन वाजता उजळली नाही. दोन, दि. ५ डिसेंबर रोजी प्रवासी बोट धक्क्यावरील इशाऱ्याचा दिवा लागलेला नसतानाही टेर्नवेरला थांबली व पुढे एकोणीस मिनिटे उशिरा पोहोचली. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. दोन्हींना मी जबाबदार आहे. चौदा दिवसांत कळ पूर्ववत बसवावी असा आपला आदेश आहे. तो पाळण्याआधी हा अर्ज वाचावा, एवढीच विनंती आहे. अर्ज थोडा लांबला आहे. इथे हिवाळ्यात लिहायला वेळ भरपूर असतो.

२. मी सत्तावीस वर्षांपूर्वी या पदावर रुजू झाले. वारसा व्यवस्थापन आणि आर्थिक विकास या दोन्ही विषयांचे एकत्र शिक्षण तेव्हा नवीन होते आणि आमच्या वर्गात नऊजणी होतो. आठजणींनी शहरातली संग्रहालये धरली. मी बेट मागून घेतले. त्या वेळी टेर्नवेरला तेवीस घरांत एकसष्ट माणसे होती, कॉड मासे सुकवण्याचे लाकडी मांडव कोसळायला आले होते आणि माशांच्या तेलाच्या जुन्या कारखान्यावर समुद्रपक्ष्यांनी कब्जा केला होता. गाव आणखी दहा वर्षे टिकणार नाही असा जिल्ह्याचा अहवाल होता.

ते टिकले. तेवीसच्या तेवीस घरांचे छप्पर शाबूत आहे, रंग मूळचा आहे, खिडक्यांच्या चौकटी जुन्या मापाच्या आहेत. कारखान्यात संग्रहालय आहे. जुलैत दिवसाला तीनशे माणसे उतरतात. धक्क्यावरच्या दुकानात आणि समोरच्या किनाऱ्यावरच्या दोन बेकऱ्यांत लोकांना काम मिळाले. हे सगळे मी केले असे म्हणणार नाही, पण माझ्याशिवाय झाले नसते असे मात्र म्हणेन. आपल्या खात्याच्या जिन्यात लावलेले टेर्नवेरचे मोठे छायाचित्र आपण रोज पाहत असाल. हिवाळ्यातली दुपार, काळा डोंगर, बर्फ, आणि तेवीस उजळलेल्या खिडक्या. त्या छायाचित्राबद्दलच हा अर्ज आहे.

३. खिडकीतल्या दिव्याची गोष्ट आधी सांगायला हवी, कारण नियमांत ती कुठेही नाही. नियम मीच लिहिले आणि त्यातून तीच राहून गेली.

मी बेटावर आले त्या पहिल्या नोव्हेंबरात एका दुपारी, दिवस मावळून गेला तरी, कागदपत्रे चाळत अंधारात बसले होते. सव्वातीनच्या सुमारास दार वाजले. शेजारच्या तेरा नंबरातला हार्टविग उभा होता. तेव्हा साठी ओलांडलेला, कॉड पकडणारा, अंगावर माशांचा वास, पायात मोजे दोन रंगांचे. इथे सगळे एकमेकांना अरे-तुरेच करतात, तेव्हा त्याने पहिल्या भेटीतच सुरुवात केली.

"दिवा नव्हता म्हणून आलो."

मी म्हटले, "मग?"

"मग काय मग? तीन वाजले की खिडकीत दिवा लावायचा. नाही लागला तर शेजाऱ्याने येऊन बघायचं. माणूस पडलं असेल, झडलं असेल, कोणाला कसं कळणार पोरी? आता तू म्हणायचंस, 'लावतेच होते.' म्हण."

"लावतेच होते," मी म्हटले.

"खोटं बोलतेस, पण म्हणायचं असंच असतं," असे म्हणून तो आत येऊन बसला. "आणि दिवा न लावण्याचा दंड म्हणजे कॉफी. दोन कप."

टेर्नवेरचा दिवा यासाठी असे. शोभा म्हणून तो कोणी लावत नसे. दिवा म्हणजे "मी बरा आहे" एवढाच निरोप असे आणि तो शेजाऱ्यापुरता असे. नंतरच्या वर्षांत मला कॉफीची तलफ आली की मी दिवा पाच मिनिटे उशिरा लावीत असे, आणि हार्टविगला ते ठाऊक होते. तोही तसेच करी.

४. पुढे घरे उन्हाळ्यापुरती विकली जाऊ लागली. त्यात कोणाचा दोष नाही, विकासाचे धोरणच तसे होते आणि ते माझ्याच सहीने गेले. ज्यांनी घरे घेतली त्यांनी ती जिवापाड जपली, फक्त ती जुलैत जपली. हिवाळ्यात एकेक खिडकी अंधारी व्हायला लागली. अकरा वर्षांपूर्वी तेवीसपैकी नऊच उजळत होत्या. हिवाळी छायाचित्रांत गाव किडक्या दातांच्या ओळीसारखे दिसते, असे आपल्या खात्याच्या तेव्हाच्या प्रमुखांनी लिहून कळवले, आणि उपाय सुचवण्यास सांगितले.

उपाय मी सुचवला. प्रत्येक खिडकीत एकसारखा दिवा आणि त्याला वेळ लावलेली स्वयंचलित कळ. एक नोव्हेंबर ते फेब्रुवारीअखेर, दुपारी तीन ते रात्री दहा. कलम ६ : "तेवीसही खिडक्या एकाच वेळी उजळतील. घर वसलेले असो वा रिकामे, अपवाद नाही." हे वाक्य माझे आहे. ते लिहिताना मला फार हुशार वाटले होते. धक्क्यावर कॅमेरा बसला आणि जगभरातून लोक आमच्या खिडक्या पाहू लागले.

हार्टविगच्या घरी कळ बसवायला मी स्वतः गेले. तो खुर्चीत बसून पाहत राहिला. मग म्हणाला, "म्हणजे आता मी मेलो तरी माझा दिवा लागणार?"

मी म्हटले, "दिसायला किती छान दिसेल बघ."

"छान दिसेलच," तो म्हणाला. "पण मग तू यायचं कधी, ते कसं कळणार?"

मी हसले. हे मी आता लिहिते आहे तेव्हा मला हसू येत नाही.

५. कलम ६ मधून सूट मागणारा हा पहिला अर्ज नव्हे. नऊ वर्षांपूर्वी घर क्र. ९ मधील उन्नी व स्टाइनार या दांपत्याने असाच अर्ज केला होता. त्यांची मुलगी तिरिल तेव्हा चार वर्षांची होती. तिची झोपायची खोली रस्त्याच्या बाजूला होती, आणि दहापर्यंत दिवा जळत असल्याने पोर झोपत नसे. त्यांनी एक खिडकी, तीही फक्त संध्याकाळी सातनंतर, अंधारी ठेवू द्यावी अशी विनंती केली होती. बेटावर कायम राहणारे ते शेवटचे तरुण कुटुंब होते.

मी नकार दिला. पाच ओळींचा. एकाला सूट दिली की सगळे मागतील, असे त्यात लिहिले होते. सगळे म्हणजे तेव्हा आम्ही सात माणसे होतो.

उन्नी नकाराचा कागद हातात घेऊन माझ्या कार्यालयात आली. ती चिडली नव्हती. चिडली असती तर मला सोपे गेले असते. ती म्हणाली, "आस्लाउग, घर दिसायला हवं की घरात माणसं हवीत, ते एकदा ठरव बाई. दोन्ही तुला जमत नाहीये."

मी तिला कलम वाचून दाखवले. वसंतात ती तिघे समोरच्या किनाऱ्यावर राहायला गेली. त्या वर्षीच्या अहवालात मी "प्रकाशयोजनेचे शंभर टक्के पालन" असे लिहिले आणि त्याबद्दल अभिनंदनाचे पत्र आले. ते अजून माझ्याकडे आहे.

६. हार्टविग चार वर्षांपूर्वी वृद्धाश्रमात गेला आणि तिथेच वारला. त्याचे घर त्याच्या भाचीकडे आहे, ती जुलैत येते. तेव्हापासून टेर्नवेरची हिवाळी लोकसंख्या एक आहे. आपल्या वार्षिक नमुन्यात "पर्यटक", "दुरुस्त केलेल्या वास्तू", "निर्माण झालेला रोजगार" असे रकाने आहेत. लोकसंख्येचा रकाना नाही, म्हणून हे आपणास माहीत नसावे. मीही कधी कळवले नाही.

तेरा नंबरची खिडकी आजही बरोबर तीनला उजळते. पहिल्या हिवाळ्यात ती उजळली की मी उठून कॉफीचे आधण ठेवीत असे. दोन कपांचे. मग आठवण होई. आता आठवण राहते, पण आधण अजून दोन कपांचेच ठेवले जाते.

मला इथे फार एकटे वाटते. ही माहिती कोणत्या नमुन्यात भरायची ते न समजल्याने येथे नमूद करीत आहे.

७. आता मूळ घटना. दि. ३ नोव्हेंबर, सोमवार, दुपारी बाराच्या सुमारास नौकाघरातील जुन्या शिडांची पाहणी करताना ओल्या फळीवरून माझा पाय घसरला आणि घोटा मोडला. फोन स्वयंपाकघरातल्या टेबलावर होता. नौकाघरापासून घर साठ मीटर. चढ आहे. मी शिडे अंगावर ओढून पडून राहिले. हाक मारायला कोणी नव्हते, तरी मी दोनदा मारली.

तीन वाजता फळ्यांच्या फटीतून गाव उजळलेले दिसले. सगळ्या खिडक्या एकदम. माझीही. मी थंडीने कुडकुडत खाली पडले होते आणि माझी खिडकी वर "मी बरी आहे" असे सांगत होती.

दुसऱ्या दिवशी मंगळवार होता. बोट मंगळवारी आणि शुक्रवारी तीन वीसला समोरून जाते, आणि हिवाळ्यात धक्क्यावरचा इशाऱ्याचा दिवा कोणी लावला तरच थांबते. मी धक्क्यापर्यंत पोहोचू शकत नव्हते. तरी मला आशा होती की बोटीवरचा कोणीतरी गावाकडे पाहील आणि त्याला काहीतरी चुकल्यासारखे वाटेल. पण चुकल्यासारखे काहीच नव्हते. तेवीस खिडक्या लागलेल्या होत्या. बोटीचा आवाज जवळ आला, समोर आला आणि लांब गेला. त्यानंतर मी सरपटायला सुरुवात केली. स्वयंपाकघरात पोहोचायला मला अडीच तास लागले. पुढचे सगळे, बचाव नौका, रुग्णालय, प्लास्टर, आपल्या खात्याकडे रजेच्या अर्जात आहेच.

दि. २१ ला मी कुबड्यांवर परतले. धक्क्यावर मला उतरवून घेणारा बोटीवरचा खलाशी ओड्वार. चाळिशीचा, बोलघेवडा, मनाने मोकळा. माझे ऐकून तो मटकन दोरखंडाच्या वेटोळ्यावर बसलाच.

"अगं, मंगळवारी गेलो की आम्ही समोरून! मी कप्तानाला म्हटलंसुद्धा, बघ काय झकास दिसतंय गाव. सगळीकडे दिवे होते ना गं!"

त्याच्या डोळ्यांत पाणी आले. त्याची काहीही चूक नव्हती. मी त्याला तसे सांगितले. दिवे लावणारी मी.

८. दि. २ डिसेंबर, मंगळवार. सकाळी मी घर क्र. १४ मधील कळ काढून ठेवली. यापुढे दिवा हातानेच लावायचा असे ठरवले. कोणालाही सांगितले नाही.

येथे मला एक कबुली द्यायची आहे, आणि ती आपल्यापुरती ठेवावी ही विनंती. त्या दिवशी मी दिवा मुद्दाम लावला नाही. मी पूर्ण बरी होते. तीन वाजता शेजारच्या सगळ्या खिडक्या उजळल्या, मी अंधारात खुर्ची ओढून बसले, आणि बोटीची वाट पाहिली. कोणी पाहते का, एवढेच मला पाहायचे होते.

बोट गेली.

तीन चाळीसला मात्र दुसऱ्या एका देशातून धक्क्यावरच्या कॅमेऱ्याच्या प्रेक्षकाचा संदेश आला : "डावीकडून पाचवी खिडकी अंधारी आहे. चित्र बिघडते. कृपया लक्ष द्यावे." म्हणजे चाळीस मिनिटांत जगात कुणीतरी पाहिले होते. तीच तक्रार आपल्या पत्रासोबत जोडलेली आहे. त्या प्रेक्षकाचा मला राग नाही. त्याने निदान खिडकी मोजली.

९. दि. ५ डिसेंबर, शुक्रवार. मी पुन्हा दिवा लावला नाही. ही लबाडी होती, आणि माझ्या वयाला न शोभणारी होती. तीन वीसला बोट आली. इंजिनाचा आवाज नेहमीसारखा लांब गेला नाही, जाड होत होत थांबला. मग बर्फावर बूट वाजले. मग दार.

ओड्वार उभा होता, धापा टाकत, टोपी हातात.

"दिवा नव्हता म्हणून आलो," तो म्हणाला.

कळा बसल्यापासून, म्हणजे अकरा वर्षांत, हे वाक्य मी ऐकले नव्हते. त्याला ते कोणी शिकवले नव्हते. नंतर कळले की त्याची आजी अशाच एका बेटावरची. उत्तर काय द्यायचे ते मला ठाऊक होते.

"लावतेच होते," मी म्हटले.

"मंगळवारीही अंधारच होता गं. मी कप्तानाला म्हटलं, तो म्हणाला बल्ब गेला असेल. तीन दिवस डोक्यात तेच. आज म्हटलं, काय व्हायचं ते होवो, थांबव बोट."

तो उभ्याउभ्याच कॉफी प्यायला. दोन कप. कप्तानाने तीनदा भोंगा वाजवला. एकोणीस मिनिटांचा हिशेब हा असा आहे. ओड्वारला मी मुद्दाम अंधारात बसले होते हे माहीत नाही. त्याच्यावर किंवा कप्तानावर कोणतीही कारवाई होऊ नये. करायचीच असेल तर माझ्यावर करावी. तो गेल्यावर मी दिवा लावला, आणि त्या दिवसापासून रोज तीनला हाताने लावते, बिनचूक. दि. ९ ला तो तीन वाजून चार मिनिटांनी लागला, कारण काडेपेटी सापडत नव्हती. हा दिवा तेलाचा आहे. प्रकाश इतर बावीस दिव्यांपेक्षा थोडा पिवळा दिसतो, याचीही तक्रार येईल, म्हणून आधीच कळवते.

१०. नियमानुसार अडचण अशी. कलम ६-अ प्रमाणे सूट मागणाऱ्या अर्जावर स्थानिक वारसा अधिकाऱ्याची शिफारस लागते. स्थानिक वारसा अधिकारी मी आहे. अधिकारी स्वतःच अर्जदार असल्यास शिफारस "गावातील अन्य कोणाही कायम रहिवाशाने" द्यावी, अशीही तरतूद आहे. पक्षपात होऊ नये म्हणून ती मीच घातली होती. त्या वेळी असा रहिवासी मिळणार नाही हे माझ्या मनातही आले नव्हते. मी तेवीसही घरांची दारे वाजवून पाहावीत असे कलमात म्हटले आहे. ती मी दि. १४ रोजी, कुबडीवर, वाजवली. तसा पंचनामा करून सोबत जोडला आहे. तेरा नंबरचे दार मी दोनदा वाजवले. ते पंचनाम्यात एकदाच लिहिले आहे.

११. सबब विनंती की, बावीस खिडक्या छायाचित्रासाठी खुशाल ठेवाव्यात. तेविसावी मला द्यावी. टेर्नवेरमध्ये एक तरी दिवा असा असावा की जो कोणीतरी लावल्याशिवाय लागत नाही. आणि बोटीच्या कप्तानास लेखी कळवावे की डावीकडून पाचवी खिडकी अंधारी दिसली तर इशाऱ्याची वाट न पाहता थांबावे. मी पुन्हा मुद्दाम अंधारात बसणार नाही, असे या अर्जाद्वारे लिहून देते. लबाडी वारंवार केली तर दिव्याला अर्थ राहत नाही. हार्टविग आणि मी एकमेकांशी करीत होतो ती गोष्ट वेगळी. तिथे दोघांनाही ठाऊक होते.

१२. आपण नियमाने बांधलेले आहात याची मला जाणीव आहे. मी आपल्या जागी असते तर हा अर्ज नामंजूर केला असता, नव्हे, असाच एक केला आहे. तेव्हा नकार द्यायचा झाल्यास माझी एकच शेवटची विनंती आहे. तो टपालाने पाठवू नये. कोणाच्या तरी हाती द्यावा. मंगळवारी किंवा शुक्रवारी, तीन वीसच्या बोटीने. धक्क्यापासून सरळ वर यावे, डावीकडून पाचवे घर. ओळखायला सोपे आहे, दिवा पिवळा आहे. नकार मी सही करून घेईन आणि आणणाऱ्यास कॉफी देईन.

आधण दोन कपांचे ठेवलेलेच असते.

आपल्या उत्तराच्या, आणि ते आणणाऱ्याच्या, प्रतीक्षेत,

(सही)
आस्लाउग नेरहुस
घर क्र. १४, टेर्नवेर
दि. १६ डिसेंबर, मंगळवार. दिवा लावल्याची वेळ : बरोबर तीन.

सोबत जोडलेली कागदपत्रे व वस्तू :
१) घर क्र. १४ मधील स्वयंचलित कळ, एक. चालू स्थितीत.
२) तेवीस घरांची दारे वाजवल्याचा पंचनामा.
३) अन्य कायम रहिवाशाची शिफारस : कोरा कागद. सहीची जागा राखून ठेवली आहे.
४) घर क्र. ९ मधील उन्नी व स्टाइनार यांचा नऊ वर्षांपूर्वीचा अर्ज, मूळ प्रत. त्यावरील माझा पाच ओळींचा नकार खोडून खाली "मंजूर" असे लिहिले आहे. हे नियमबाह्य आहे याची कल्पना आहे. एक प्रत उन्नीला आजच्या बोटीने ओड्वारच्या हाती पाठवली.